एक कथा, दोन बोलपट

'कुंकू' पाहिला आहे का, असे विचारले तर जुन्या मराठी घरांतून हमखास होकार येतो. 'दुनिया न माने' पाहिला आहे का, असे विचारले तर उत्तर मिळते, "तोच तो! 'कुंकू'च, पण हिंदीतला." या 'तोच तो'शी माझे भांडण आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीत चिवड्यात तिखट लागतेच की.

मी पेशाने शाळामास्तर. एकच धडा एकाच दिवशी आठवीच्या 'अ' तुकडीला आणि मग 'ब' तुकडीला शिकवतो. पुस्तक तेच, खडू तोच, मास्तरही तोच. पण 'अ' तुकडी जिथे खळखळून हसते तिथे 'ब' तुकडी गप्प बसते, आणि मग माझ्या तोंडचे पुढले वाक्य आपोआप निराळे येते. तास संपेपर्यंत दोन धडे झालेले असतात. 'प्रभात'च्या दुभाषी बोलपटांचे नेमके असेच झाले आहे, असे मला ते पुनःपुन्हा पाहून वाटू लागले आहे.

मूकपटाच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा हरिश्चंद्र तोंडाने काही बोलत नव्हता, त्यामुळे तो सगळ्या मुलखाचा होता. पडद्यावरच्या पाट्यांची भाषा बदलली की काम भागे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पडदा बोलू लागला, आणि ज्या दिवशी तो बोलू लागला त्याच दिवशी तो निम्म्या देशाला कळेनासा झाला. हिंदुस्थानी ज्यांना येई त्यांना तो कळला. मदुरेच्या माणसाला काय कळणार? चित्रपटाच्या गावाला एकाएकी वेस पडली.

कोल्हापुरात १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी 'प्रभात फिल्म कंपनी' काढली होती. त्यांच्यापुढे व्यवहाराचा पेच उभा राहिला. मराठी बोलपट काढावा तर मराठी मुलूख तेवढाच. खर्च भरून कसा निघावा? हिंदी काढावा तर आपल्या माणसांना आपल्या भाषेचा बोलपट कोण देणार? त्यांनी तोड काढली ती अशी की, कथा एक, देखावे एक, कॅमेरा एक आणि बोलपट मात्र दोन. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आणि 'अयोध्या का राजा' अशी जोडी बाहेर पडली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती आणि दिग्दर्शक शांताराम.

आज आपल्याला वाटते, आवाज बदलला की झाले! पण त्या वेळी ती सोय नव्हती. मागाहून दुसऱ्याचा आवाज भरण्याची युक्ती अजून आपल्याकडे रुळली नव्हती आणि पार्श्वगायनाची सुरुवात व्हायची होती. ती कलकत्त्याला १९३५ साली झाली. नट कॅमेऱ्यासमोर बोलेल तेच खरे, गाईल तेच खरे. म्हणजे तारामतीने मराठीत रडून घ्यायचे आणि त्याच देखाव्यात, त्याच वेषात, पुन्हा हिंदीत रडायचे. माणूस एकाच दुःखाने दोनदा रडतो तेव्हा दुसरे रडणे पहिल्यासारखे असते का? काही वेळा ते अधिक घोटीव होते, काही वेळा शिळे होते. पण ते निराळे होते, यात शंका नाही.

ही अडचण एकट्या कोल्हापूरची नव्हती. बर्लिनमध्ये १९३० साली मार्लेन डीट्रिखचा 'निळी देवदूत' हा बोलपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत घेण्यात आला. ग्रेटा गार्बोचा 'ॲना ख्रिस्ती' आधी इंग्रजीत झाला, मग दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली जर्मनमध्ये. हॉलिवूडमध्ये १९३० साली 'ड्रॅक्युला' तयार होत होता तेव्हा तर मौजच होती. दिवसा इंग्रजी मंडळी काम करीत. रात्री त्याच देखाव्यांत स्पॅनिश नटसंच येई आणि आपला 'ड्रॅक्युला' घेई. पुढे कित्येक रसिकांनी रात्रीच्या चित्रपटातले कॅमेऱ्याचे काम दिवसाच्यापेक्षा सरस ठरवले. दुय्यम म्हणून काढलेली आवृत्ती मुख्य आवृत्तीवर मात करू शकते, हे त्यातून दिसले.

कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर 'प्रभात'ने पहिला बोलपट काढला तो 'अमृतमंथन', १९३४ साली. राजा बळी देण्याची चाल बंद करतो आणि राजगुरू त्याचा जीव घेववतो, अशी ती कथा. मराठीत राजगुरू झाले केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. दाते म्हणजे रंगभूमीवर मुरलेले नट. शब्दाला वजन कुठे द्यावे आणि कुठे तो नुसता सोडून द्यावा, हे जाणणारे. चंद्रमोहन पडद्यावर अगदी नवे. पण त्यांचे डोळे! सारा पडदा भरून टाकणारा राजगुरूचा तो एक डोळा पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या बोलण्यात राहिला. एकाच्या हाती वाणी आणि दुसऱ्याच्या हाती नजर. आता सांगा, राजगुरू एकच राहिला का? धर्माच्या नावाने माणसे शब्दांनी भारली जातात असे सांगणे वेगळे, आणि ती नजरेने बांधली जातात असे दाखवणे वेगळे.

आता 'कुंकू'कडे वळतो, कारण माझे खरे भांडण तिथेच आहे. १९३७ साल. नारायण हरी आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, शांताराम दिग्दर्शक, शांताबाई आपटे नायिका आणि केशवराव दाते काकासाहेब. प्रौढ मुलांच्या बापाशी, म्हाताऱ्या वकिलाशी, एका तरुण मुलीचे फसवून लग्न लावले जाते आणि ती त्याला पती म्हणून पत्करायला साफ नकार देते. यात मुख्य नट दोन्ही भाषांत तेच. मग फरक कुठे?

पहिला फरक नावातच आहे. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पुस्तकाचे नाव ठरवताना काय काय मनात येते ते मला ठाऊक आहे. 'कुंकू' ही घरातली वस्तू. देवघराजवळच्या कोनाड्यात करंडा असतो, सकाळी अंघोळ झाली की बाई आरशासमोर उभी राहते आणि बोट कपाळाकडे जाते. त्या बोटाने थांबायचे की पुढे जायचे, एवढाच प्रश्न मराठी नाव विचारते. 'दुनिया न माने' हे नाव घराबाहेर उभे राहून बोलते. ते जगाला आव्हान देते. मराठी प्रेक्षक नीराबरोबर माजघरात बसतो. हिंदी प्रेक्षक निर्मलाचा खटला चव्हाट्यावर ऐकतो. होय, नायिकेचे नावही बदलले आहे. मराठीतली नीरा हिंदीत निर्मला झाली.

दुसरा फरक आवाजाचा. 'कुंकू'ला नेहमीसारखे पार्श्वसंगीत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, रस्त्यावरचा गलबला, अशा खऱ्या आवाजांवर सारी भिस्त ठेवली आहे. वाद्यमेळ मागे असता तर त्याने दोन्ही भाषांना सारखेच पांघरूण घातले असते. इथे पांघरूण नाही, त्यामुळे शब्द उघडे पडतात. आजीबाईंच्या वयाची बाई मराठीत टोमणा मारते तेव्हा त्यात आपल्या वाड्याचा सगळा इतिहास असतो. तोच टोमणा हिंदीत आला की अर्थ पोहोचतो, पण वाडा मागे राहतो.

आणि तिसरा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. हिंदी बोलपटात घर मराठीच आहे. लुगडे मराठी, देव्हारा मराठी, फक्त बोली हिंदी. मराठी माणसाला तो बोलपट म्हणजे शेजारच्या घरात डोकावल्यासारखे. लाहोरच्या किंवा कलकत्त्याच्या माणसाला ते दूरच्या मुलखातले घर. जवळच्या घरातले पाप पाहताना मान खाली जाते. दूरच्या घरातले पाप पाहताना निवाडा करावासा वाटतो. काकासाहेब शेवटी स्वतःचा जीव देऊन तिला मोकळी करतात, तेव्हा मराठी बोलपट पाहताना मला त्या म्हाताऱ्याची कणव येते, कारण तो आमच्या आळीतला वाटतो. हिंदीत पाहताना मात्र 'सुटली बिचारी' एवढेच मनात येते. नट तेच, अभिनय जवळजवळ तोच, आणि माझ्या मनाचे हे दोन निकाल!

भाषा बदलल्याने बोलपट उणाच होतो, असे मात्र माझे म्हणणे नाही. १९४१ सालचा 'शेजारी' आणि त्याचा जोडीदार 'पडोसी' पाहा. पाकिस्तानच्या मागणीचा लाहोर ठराव नुकताच आदल्या वर्षी झालेला. अशा वेळी शांतारामांनी दोन म्हाताऱ्या जिवलग मित्रांची गोष्ट घेतली, एक हिंदू, एक मुसलमान, दोघेही बुद्धिबळाचे शौकीन. धरण बांधायला आलेला धनिक त्यांच्यात फूट पाडतो आणि अखेर धरण फुटते तेव्हा ते दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारांचा मिर्झा तसाच राहिला, पण त्याचा हिंदू मित्र ठाकूर उभा केला तो मझहर खान यांनी. म्हणजे 'पडोसी'त हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. दाते नट म्हणून थोर. त्यांचा जिवबा पाहून डोळ्यांत पाणी आले नाही असा माणूस विरळा. तरीही त्या कथेला जे म्हणायचे होते ते 'पडोसी'त नुसत्या पात्रयोजनेनेच म्हणून टाकले. बुद्धिबळाच्या पटापलीकडे बसलेला माणूस आपल्याच कातड्यात शिरू शकतो, हे त्यात डोळ्यांनी दिसते. इथे मी हिंदीला झुकते माप देतो.

कोणी विचारील, 'संत तुकाराम'चे काय? तो १९३६ साली दामले-फत्तेलालांनी केला तो मराठीतच. मुंबईच्या सेंट्रलमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मराठी न कळणारेही विष्णुपंत पागनिसांसाठी आणि गौरीबाईंच्या आवलीसाठी जात. माझे म्हणणे त्याने खोडून निघत नाही, उलट बळकट होते. तुकोबांच्या शब्दाला जोडीदार मिळणे कठीण, हे त्या मंडळींनी तेव्हाच ओळखले असावे.

हे सगळे आज लिहायचे कारण एवढेच की, 'तोच तो' म्हणण्याची किंमत आपण एकदा मोजून बसलो आहोत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१७ साली त्यांनी नाशिकला तीच कथा पुन्हा चित्रित केली. त्यांच्या हरिश्चंद्राची आज जी थोडी रिळे उरली आहेत ती १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असे काही अभ्यासक साधार सांगतात. दोन्ही हरिश्चंद्रांना एकच समजण्याची सवय नसती, तर हा वाद उरला नसता. बाबूराव पेंटरांनी १९२५ चा मूक 'सावकारी पाश' १९३६ साली बोलता केला. पण बोलक्याने मुक्याची जागा भरली नाही. मूक 'सावकारी पाश' हरपला तो हरपलाच.

त्या काळच्या फितीची जातच मोठी नाजूक. नायट्रेटची फीत एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहते. 'प्रभात' १९५३ साली बंद पडली. तिच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, म्हणून पुष्कळ काही वाचले. पण २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातले गोदाम पेटले आणि शेकडो जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती त्यात गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच नव्या फितीवर उतरवून ठेवल्या होत्या तेवढे बचावले. अशा वेळी कुणीतरी ठरवायचे असते की आधी काय उतरवायचे आणि काय मागे ठेवायचे. ठरवणाऱ्याच्या मनात 'हा काय, तोच तो' असे आले की जोडीतल्या एकाचा निकाल लागला.

'कुंकू' आणि 'दुनिया न माने' ही जोडी सुदैवाने अजून पाहायला मिळते. या सुटीत आजी, सून आणि कॉलेजातली नात एकत्र आल्या असतील. पहिल्या रात्री मराठी लावा, दुसऱ्या रात्री हिंदी. मग काकासाहेबांना कोणी माफ केले आणि कोणी नाही, हे एकमेकींना विचारा. माझा अंदाज असा की, तिघींची मिळून उत्तरे तीनपेक्षा अधिक येतील.