पहिले महायुद्ध आणि भंडाऱ्याचे मँगनीज

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसरच्या पुढे, चिखला, सीतासावंगी आणि डोंगरी बुजुर्ग या गावांभोवतीच्या टेकड्यांतून काळ्या रंगाचे जड मँगनीज खनिज गेले शतकभर काढले जात आहे. या धंद्याचा इतिहास जिल्ह्याच्या सीमेत राहून लिहिता येत नाही. कारण येथील खदानींना तेजी केव्हा यावी आणि मजुरांच्या हातचे काम केव्हा जावे, याचे निर्णय बहुतांशी काळ्या समुद्राच्या काठी आणि युरोपातील राजधान्यांत झाले, व त्यांतील सर्वांत मोठा निर्णय १९१४ ते १९१८ या काळातील महायुद्धाने केला.

मँगनीजची गरज पोलादाच्या भट्टीत लागते. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू आणि गंधक काढून टाकल्याशिवाय पोलाद लाटताना तडकते, आणि हे शुद्धीकरण फेरोमँगनीज, म्हणजे लोखंड व मँगनीज यांचा मिश्रधातू, भट्टीत टाकून केले जाते. त्या काळी एक टन पोलादामागे साधारण सहा-सात किलो मँगनीज खर्ची पडत असे. याखेरीज शेफील्डचे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये सुमारे बारा टक्के मँगनीज असलेले अत्यंत चिवट पोलाद तयार केले होते, आणि १९१५ च्या अखेरीपासून ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे याच पोलादाची बनू लागली. तोफा, तोफगोळे, रूळ आणि युद्धनौका यांपैकी काहीही मँगनीजवाचून होत नव्हते.

मध्य प्रांतातील या खनिजाकडे ब्रिटिश भांडवल वळले ते १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटसारख्या कंपन्यांमधून. नागपूर आणि बालाघाट जिल्ह्यांबरोबर भंडाऱ्यातही खोदकाम सुरू झाले. बंगाल-नागपूर रेल्वेचा लोहमार्ग तुमसरजवळून जात असल्याने माल मुंबई व कलकत्त्याच्या बंदरांकडे नेणे शक्य झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या भागातील मँगनीजयुक्त गार्नेट व गारगोटी यांच्या खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ज्यांच्या नावाने खडक जगभर ओळखला गेला, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला त्याच खडकावर घण घालण्याचे काम आले, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे.

परदेशातील उलथापालथीचा पहिला लाभ महायुद्धापूर्वीच मिळाला होता. जगातील सर्वांत मोठे उत्पादन रशियन साम्राज्यात, जॉर्जियातील चिआतुरा येथे होत असे. परंतु १९०५ च्या रशियन क्रांतीच्या धामधुमीत तेथील पुरवठा विस्कळीत झाला, भाव चढले, आणि १९०७ मध्ये भारताचे उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात पोहोचले. रशिया सावरताच भाव उतरले.

युद्धाची कारणे सांगताना २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे झालेली आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या प्रथम येते, पण ती ठिणगी होती. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांची १८८२ ची त्रिराष्ट्रीय युती, तिच्यासमोर फ्रान्स, रशिया व ब्रिटन यांचा १९०७ पर्यंत आकारास आलेला मैत्रीगट, बाल्कन प्रदेशावरील वर्चस्वासाठी चाललेली ऑस्ट्रिया-रशियाची ओढाताण, आणि १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरल्यानंतर ब्रिटन व जर्मनी यांच्यात पेटलेली आरमारी स्पर्धा, यांमुळे दारूगोळा आधीच साचलेला होता. आरमारी स्पर्धा ही पोलादाची, आणि म्हणून मँगनीजचीही स्पर्धा होती. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी भारतीयांना न विचारता भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले.

सप्टेंबरच्या अखेरीस तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, आणि पोती व बातुमी या बंदरांतून निघणारे जॉर्जियाचे खनिज काळ्या समुद्रातच अडकले. ब्रिटन व फ्रान्स यांनी १९१५ मध्ये गॅलिपोलीची मोहीम काढली, तिचा एक हेतू रशियाकडचा हा मार्ग उघडण्याचा होता, आणि ती फसली. प्रतिस्पर्धी बाजारातून बाहेर गेल्याने भारतीय खदानींची भरभराट झाली असेल, असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षात उत्पादन घटले. युद्धापूर्वी मध्य प्रांताचे खनिज बेल्जियम व जर्मनीलाही जात असे. ते बाजार एका आठवड्यात मिटले, जहाजे सैन्याच्या कामी लागली, वाहतुकीचे दर भडकले, आणि १९१३ मध्ये आठ लाख टनांवर असलेले देशाचे उत्पादन १९१५ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे ब्रिटनच्या मागणीने ते काहीसे सावरले, तरी अमेरिकेने आपली गरज मुख्यतः ब्राझीलमधून भागवली, आणि १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांच्या अनिर्बंध हल्ल्यांनी समुद्रमार्ग अधिकच धोक्याचा केला. भाव चढे असतानाही माल पडून राहणे, ही परावलंबी धंद्याची खरी ओळख आहे. एक चांगले मात्र घडले: युद्धकाळात जमशेटपूरला टाटांच्या कारखान्यात फेरोमँगनीज तयार होऊ लागले, म्हणजे कच्चे खनिज परदेशी पाठवण्याऐवजी त्यावर येथेच प्रक्रिया करता येते, हे सिद्ध झाले.

युद्धाचा भार खदानींपुरता राहिला नाही. भारतातील कापडधंदा जर्मनीच्या कृत्रिम रंगांवर विसंबून होता. ती आयात थांबल्याने रंग महागले आणि पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील विणकरांनाही महागाईला तोंड द्यावे लागले. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सैनिकांच्या जहाजांबरोबर पसरलेली इन्फ्लुएंझाची साथ आली. ब्रिटिश प्रांतांमध्ये या साथीचा मृत्युदर मध्य प्रांत व वऱ्हाडात सर्वाधिक, हजारी साठांहून अधिक होता, आणि १९११ ते १९२१ या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढलीच नाही. रणभूमीपासून हजारो मैलांवरच्या खेड्यांनी युद्धाची ही किंमत दिली, आणि ती मृत सैनिकांच्या गणतीत कधीच धरली गेली नाही.

सर्वांत दूरगामी परिणाम मात्र आफ्रिकेत घडला. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, न्सुता येथे १९१४ मध्ये मँगनीज सापडले होते. युद्धाच्या गरजेमुळे १९१६ मध्येच तेथून माल निघू लागला, आणि ब्रिटनला जवळ पडणारा हा साठा भारतीय खनिजाचा कायमचा प्रतिस्पर्धी बनला. मध्य प्रांताच्या खनिजाला जवळचे बंदर हवे, ही मागणी जुनीच होती. रायपूर-विजयनगरम लोहमार्ग १९३१ मध्ये आणि विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये सुरू झाले, तोवर जागतिक मंदीने मागणीच कोसळली होती. खदानी बंद पडल्या तेव्हा टोपल्यांनी खनिज वाहणाऱ्या आणि हातोडीने फोडून प्रत लावणाऱ्या स्त्री-पुरुषांना शेतमजुरीशिवाय दुसरा आधार उरला नाही.

१८९६ च्या सिंडिकेटची वारस असलेल्या ब्रिटिश कंपनीची मालमत्ता १९६२ मध्ये भारत सरकारशी झालेल्या करारानुसार मँगनीज ओर इंडिया लिमिटेडकडे आली. तिच्यात ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांचे आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचे होते. हा उरलेला हिस्साही १९७७ मध्ये सरकारने घेतला, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खदानी आज याच सार्वजनिक कंपनीकडून चालवल्या जातात.