आईशी वैर, आजीच्या आरमाराचा हेवा : कैसर विल्हेल्म दुसरा असा का वागला?

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याचं नाव येतंच. वर वळवलेल्या मिशा, लष्करी गणवेश आणि रुबाबात उभा असलेला माणूस. पण त्याचे फोटो नीट बघा. डावा हात बहुतेक वेळा तलवारीच्या मुठीवर किंवा हातमोजे धरलेला दिसेल. तो हात त्याला लपवायचा असायचा.

जन्मापासूनचं दुखणं

२७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये त्याचा जन्म झाला. बाळ पायाळू होतं. अवघड बाळंतपणात मानेजवळच्या नसांना इजा झाली आणि डावा हात कायमचा अधू राहिला. मोठेपणीही तो उजव्या हातापेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर आखूड होता.

आई व्हिक्टोरिया ही इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी. प्रशियाच्या भावी राजाचा हात लुळा असणं तिला सहन होईना. मग उपचार सुरू झाले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत हात ठेवणं, विजेचे झटके, मान सरळ ठेवणारं यंत्र, सगळं करून झालं. हात काही सुधारला नाही.

१८६६ पासून हिंझपेटर नावाचे कडक शिक्षक आले. तोल सांभाळता न येणाऱ्या या मुलाला त्यांनी रिकिबीशिवाय घोड्यावर बसवलं. पडला की पुन्हा बसवायचं. तो घोडेस्वारी शिकला, पण कौतुक वाट्याला आलं नाही. इंग्लंडच श्रेष्ठ, असं मानणाऱ्या आईपासून तो दुरावला आणि प्रशियाच्या सैन्यात रमला.

गादीवर आल्यावर

१८८८ मध्ये वडील फ्रेडरिक तिसरे अवघे ९९ दिवस राज्य करून घशाच्या कर्करोगाने गेले. २९ वर्षांच्या विल्हेल्मने त्याच दिवशी राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला आणि आईच्या कागदपत्रांचा शोध घ्यायला लावला.

१८९० मध्ये त्याने बिस्मार्कला घरी बसवलं. त्याच वर्षी सल्लागारांचं ऐकून रशियाशी असलेला गुप्त करार वाढवायचं नाकारलं. १८९४ पर्यंत रशिया आणि फ्रान्स एकत्र आले होते.

इंग्लंड आवडायचं, खुपायचंही

१८८९ मध्ये आजीने त्याला ब्रिटिश आरमाराचं मानद अॅडमिरलपद दिलं, तेव्हा तो हरखून गेला. पण १८९६ मध्ये ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार पाठवून त्यानेच इंग्लंडला डिवचलं. १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी जर्मनीने प्रचंड आरमार बांधायला घेतलं. १९०४ मध्ये कील इथे मामा एडवर्ड सातवा याच्यासमोर त्याने सांगितलं, की लहानपणी पोर्ट्समथला जहाजं पाहिली तेव्हापासून आपल्यालाही असं आरमार हवं होतं.

ब्रिटनने मात्र त्यातून धोका ओळखला. १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी त्याने समझोता केला.

मग सगळा दोष बालपणाचा?

तसं नाही. आरमारामागे टिर्पिट्झ हा अॅडमिरल होता, उद्योगपती होते आणि पैसा मंजूर करणारी संसदही होती. बालपणाने महायुद्ध घडवलं, असं म्हणता येत नाही. पण जर्मनीच्या राज्यघटनेत सैन्याचं प्रमुखपद, चान्सलरची नेमणूक आणि परराष्ट्र धोरण हे सगळं सम्राटाच्या हातात होतं. त्यामुळे एका माणसाचा राग, हेवा आणि मान मिळवण्याची धडपड थेट सरकारी धोरणात उतरली. तिला वेळीच आवर घालणारं कुणी नव्हतं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. नेदरलँड्समधल्या डोर्न इथे १९४१ मध्ये त्याचा मृत्यू झाला.