दिलेले नाव, घेतलेले नाव : भवभूतीच्या निमित्ताने

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे जन्मस्थान होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र या नाटककाराचे गाव नसून त्याचे नाव हा आहे.

आठव्या शतकातील हा नाटककार ‘महावीरचरित’ व ‘मालतीमाधव’ यांच्या प्रस्तावनांत आपले कुल सांगतो : गोत्र काश्यप, पितामह भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातूकर्णी. स्वतःचा निर्देश करताना मात्र तो दोन नावे देतो, श्रीकंठ आणि भवभूती. वाक्यरचना सरळ घेतल्यास भवभूती हे नाव आणि श्रीकंठ ही उपाधी ठरते. काही जुन्या टीकाकारांचे म्हणणे याच्या उलट आहे : श्रीकंठ हे पित्याने ठेवलेले नाव आणि भवभूती हे कवीच्याच एका श्लोकातील शब्दावरून पडलेले. नीलकंठाच्या पुत्राचे नाव श्रीकंठ असावे हे स्वाभाविक वाटते. परंतु स्वाभाविकता म्हणजे पुरावा नव्हे.

बारशाचे नाव इतरांनी दिलेले, म्हणून परतंत्र. टोपणनाव स्वतः घेतलेले, म्हणून स्वतंत्र, अशी विभागणी आपण गृहीत धरतो. मराठी कवितेचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले ते पित्याचे नाव पुढे करून. शिरवाडकरांनी ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले ते बहिणीच्या नावावरून. म्हणजे निवडीतही नातेच बोलते. ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात मिळाली. तेथे निवडीचा प्रश्नच नव्हता. खानोलकरांचे ‘आरती प्रभू’ हे नाव कुलापासून दूर जाते खरे, पण ते कवितेपुरते. कादंबरी व नाटक यांसाठी त्यांनी दिलेलेच नाव राखले.

आज संगणकाच्या पडद्यावर जो तो स्वतःचे नामकरण करतो. तेथे एकाने घेतलेले नाव सहसा दुसऱ्यास मिळत नाही. पाळण्यातल्या नावाला अशी अट नसते. एकाच गावात अनेक श्रीकंठ सुखाने नांदू शकतात. पडद्यावरचे नाव व्यक्तीला वेगळे काढते, पाळण्यातले तिला सामावून घेते. तथापि दोन्ही नावे खरी होतात ती इतरांनी हाक मारल्यावरच. भवभूतीच्या बाबतीत ही हाक वाचकपरंपरेने दिली. त्यामुळे त्याचे मूळ नाव कोणते, हा प्रश्न चरित्रकारासाठी उरतो. साहित्येतिहासापुरता तो निकालात निघाला आहे.