प्रश्न लष्कराचा आणि रेल्वेचा

कायदेमंडळाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपल्याकडे बहुधा गाजलेल्या भाषणांचा इतिहास सांगितला जातो. अमक्याने सरकारला धारेवर धरले, तमक्याने सभागृह दणाणून सोडले, अशा आठवणी लोकांच्या तोंडी राहतात. परंतु राज्यकारभारावर लोकांचा जो काही अंमल चालतो, त्याचे फार मोठे श्रेय एका साध्या गोष्टीकडे जाते. ती गोष्ट म्हणजे प्रश्न. एक सभासद उठतो, चार ओळींचा प्रश्न विचारतो, आणि ज्याच्या हाती फौजा आहेत, आगगाड्या आहेत, तिजोरी आहे, त्या मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. हा अधिकार आपल्याकडे कसा आला, कसा वाढला, आणि संरक्षण व दळणवळण या दोन खात्यांत त्याची कसोटी कशी लागली, एवढेच आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हीच दोन खाती आम्ही का निवडली, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की ही दोन खाती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रेल्वेचा कारभार सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतो. गाडी उशिरा आली, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. लष्कराचा कारभार मात्र पडद्याआड चालतो, आणि पडदा उचलावयास सांगितला तर देशाच्या सुरक्षिततेचे कारण पुढे येते. एका ठिकाणी उत्तर ताबडतोब पडताळून पाहता येते. दुसऱ्या ठिकाणी ते विश्वासाने घ्यावे लागते. म्हणून सरकारच्या उत्तराची किंमत किती, हे या दोन खात्यांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

या प्रथेचे मूळ इंग्लंडात आहे. 'साउथ सी' कंपनीचा फुगा फुटल्यावर १७२१ साली तिचा खजिनदार रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला. तो पकडला गेला ही वार्ता खरी काय, असे अर्ल कौपर यांनी उमरावांच्या सभेत सरकारला विचारले. लेखी नोंद असलेला हा पहिला प्रश्न मानतात.

आपल्याकडे हा अधिकार यावयास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. त्याआधी आपल्याजवळ होता तो अर्ज. पुण्याच्या सार्वजनिक सभेने कितीतरी विनंतिअर्ज अभ्यासपूर्वक लिहून सरकारकडे धाडले. पण अर्जाला उत्तर देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा दिली. मुभा म्हणावयाची ती इतकीच. अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते, आणि उत्तर अपुरे वाटले तरी त्यावर उपप्रश्न विचारता येत नव्हता. सरकारने सांगावे आणि सभासदाने गप्प बसावे, असा तो मामला होता.

या तुटपुंज्या हत्याराचा उपयोग कसा करावा हे नामदार गोखल्यांनी दाखवून दिले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना हिंदुस्थानच्या खर्चाची जी चिकित्सा त्यांनी केली, तीत लष्कराचा वाढता बोजा आणि रेल्वेवरचा सढळ खर्च हे दोन्ही विषय होते. साम्राज्याच्या सोयीसाठी ठेवलेल्या फौजेचा खर्च येथल्या शेतकऱ्याने का सोसावा, आणि शिक्षणाला व पाटबंधाऱ्यांना पैसा नसताना लोहमार्गांनाच तो कोठून येतो, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९०२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कौन्सिलात अंदाजपत्रकावर ते बोलले तेव्हा सरकारच्याच आकड्यांनी त्यांनी सरकारला अडवले. पुढच्या वर्षी मिठावरचा कर दर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु सरकारचे आकडे सरकारपुढे मांडून जाब मागावा, ही रीत येथे रुजली ती तेव्हापासून.

पुढची वाढ पायरीपायरीने झाली. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो अधिकार इतर सभासदांनाही मिळाला. आमच्या मते उपप्रश्न हाच या प्रथेचा प्राण होय. पहिले उत्तर कचेरीत लिहिलेले असते. कारकुनाने मसुदा करावा, सचिवाने तपासावा, मंत्र्याने वाचावा. उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला स्वतःच्या डोक्याने द्यावे लागते, आणि खात्याची माहिती त्याला खरोखर किती आहे हे तेथे उघडे पडते. तरीही १९१९ च्या कायद्याखाली लष्करी खर्चावर मत देण्याचा अधिकार मध्यवर्ती कायदेमंडळाला मिळाला नाही. रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी झाली. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक निराळे मांडले जाऊ लागले, आणि दरवर्षी त्या निमित्ताने तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची गाऱ्हाणी वेशीवर टांगता येऊ लागली. ही निराळ्या अंदाजपत्रकाची पद्धत २०१७ साली बंद झाली.

संरक्षणाविषयीचा प्रश्न किती नाजूक असतो, याचे एक उदाहरण इंग्लंडातलेच घेऊ. १९३८ च्या जून महिन्यात डंकन सँडिस या सभासदाने लंडनच्या विमानविरोधी तोफांच्या तुटवड्याविषयी एक प्रश्न तयार केला आणि त्याचा मसुदा सौजन्य म्हणून युद्धमंत्र्याकडे धाडला. मसुद्यातली माहिती गुप्त कागदांशी जुळणारी निघाली. ती कोठून मिळाली असे ॲटर्नी जनरलने विचारले आणि सरकारी गुपितांच्या कायद्याची आठवण करून दिली. सँडिस फौजेतही अधिकारी होते. तेव्हा लष्करी चौकशीपुढेही त्यांस बोलावणे गेले. त्यांनी हे सारे सभागृहापुढे मांडले, आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला त्या कायद्याचा बडगा दाखवता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की सँडिस सरकार पक्षाचेच होते, आणि तोफा खरोखरच अपुऱ्या होत्या. गुप्ततेने शत्रूपासून उणीव झाकली जात होती, की लोकांपासून?

आता स्वतंत्र भारताकडे वळू. २० नोव्हेंबर १९५० रोजी संसदेत ईशान्य सीमेविषयी प्रश्न आला. पंतप्रधान नेहरूंनी निःसंदिग्ध उत्तर दिले: चिनी नकाशे काहीही दाखवोत, मॅकमहोन रेषा ही आमची सीमा आहे आणि ती आम्ही कोणाला ओलांडू देणार नाही. हे उत्तर गाजले. परंतु त्याच उत्तरात आणखी एक वाक्य होते. लडाखपासून नेपाळपर्यंतची सीमा मुख्यतः दीर्घ वहिवाटीने व रूढीने ठरलेली आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्वेकडे रेषा आणि पश्चिमेकडे वहिवाट, हा फरक त्या दिवशी फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. पुढे घाव बसला तो याच फटीत.

अक्साई चीनमधून सिंक्यांग व तिबेट यांना जोडणारा रस्ता पुरा झाल्याचे चीनने १९५७ साली जाहीर केले. १९५८ च्या उन्हाळ्यात आपल्या दोन टेहळणी तुकड्या तिकडे गेल्या. त्यांतली एक चिन्यांच्या हाती सापडली. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी भारताने चीनला निषेधाचा खलिता दिला. मात्र ही हकीकत संसदेपुढे आली ती १९५९ च्या ऑगस्टअखेर, म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांनी. ७ सप्टेंबरला पहिली श्वेतपत्रिका निघाली तेव्हा तो सारा पत्रव्यवहार लोकांना वाचावयास मिळाला. फार गवगवा न करता हे प्रकरण मिटवता येईल असे सरकारला वाटले होते, असा खुलासा पुढे झाला. त्या उजाड पठारावर गवताची काडीही उगवत नाही, असेही नेहरूंनी सांगितले.

नेहरूंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. संसदेचा एवढा मान राखणारा, प्रश्नाच्या तासाला इतक्या आस्थेने हजर राहणारा पंतप्रधान विरळा. परंतु हेतू चांगला असला म्हणून परिणाम चुकत नाही. दहा महिने जी गोष्ट कळली नाही ती एकदम कळताच लोकक्षोभ उसळला, सरकारचे हात बांधले गेले आणि शांतपणे बोलणी करण्याची जागा उरली नाही. जी माहिती वेळेवर दिली असती तर चर्चेचा विषय झाली असती, ती उशिरा दिल्यामुळे संतापाचा विषय झाली. विशेष हे की ज्या रस्त्याची गोष्ट दडली तो रस्ता चीनने स्वतःच जाहीर केला होता. शत्रूला ठाऊक आणि लोकांना मात्र ठाऊक नाही, अशा गुप्ततेला सुरक्षितता म्हणता येत नाही.

१९६२ चा पराभव झाला. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यांच्यापुढे पहिला अवघड प्रश्न होता तो उत्तर देण्याचाच. हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली होती. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले. शिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनापतींची कुवत या पाच अंगांनी काय उणे पडले ते त्यांनी सांगितले. अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही. ताज्या जखमेच्या वेळी, शत्रू उंबरठ्यावर असताना, हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु २०१० साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, तोच प्रश्न लोकसभेत आला तेव्हाही अहवालातील मजकूर अत्यंत संवेदनशील असून आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा आहे, असे लेखी उत्तर मिळाले. २०१४ मध्ये सरकार बदलले, अहवालाचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने प्रसिद्धही केला, तरी उत्तर बदलले नाही. येथे पक्षाचा प्रश्नच राहत नाही. खुर्चीची भाषा खुर्चीबरोबर येते.

रेल्वेच्या बाजूला उत्तरदायित्वाचे दुसरे टोक दिसते. १९५६ साली महबूबनगरजवळ अपघात झाला तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबरात अरियालूरला दुसरा भीषण अपघात झाला, आणि या वेळी शास्त्रीजी पदावरून गेले. पूल त्यांनी बांधला नव्हता, गाडी त्यांनी चालवली नव्हती. परंतु खात्याच्या वतीने उत्तर देणारा मी, तर खात्याच्या दोषाचा धनीही मी, असा अर्थ त्यांनी मंत्रिपदाला दिला.

आणि आपल्या कोकणची कथा? राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी कोकण रेल्वेचा पाठपुरावा केला. १९७१ साली ते गेले. त्यांच्या जागी निवडून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी तो पुढे चालवला. विचारणाऱ्या बाकावर बसलेला हा सभासद १९७७ साली उत्तर देणाऱ्या बाकावर रेल्वेमंत्री म्हणून गेला. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. तरी कोकणचा मार्ग इंचाइंचानेच सरकला: रोह्यापर्यंत गाडी आली १९८६ साली, महामंडळ झाले १९९० साली, आणि सुमारे ७४० किलोमीटरचा सलग मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. एका पिढीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या पिढीच्या पदरात पडले.

'विषय विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करण्यात येत आहे', ही वाक्ये सरकारी उत्तरांत नित्य भेटतात. पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या कारकिर्दीत, १९५३ साली, लोकसभेने आश्वासन समिती नेमली. असे वाक्य मंत्री बोलला की ते आश्वासन धरावयाचे, आणि तीन महिन्यांत त्याचे काय झाले ते विचारावयाचे, असा नियम झाला. टोलवाटोलवीच्या वाक्याला शब्दाची किंमत आणून देणारी ही युक्ती मोठी मार्मिक आहे. सर्वच आश्वासने वेळेत पुरी होतात असे नाही. परंतु जे राहिले त्याची यादी तरी राहते.

हा अधिकार कायमचा पदरात पडला, असे मात्र कोणी समजू नये. आणीबाणी जाहीर झाल्यानंतर जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नच बंद ठेवले गेले. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. लेखी उत्तरे तेवढी मिळाली, म्हणजे उपप्रश्न गेला. दोन प्रसंगांची कारणे भिन्न होती, आणि त्यांना एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. परंतु संकट आले की पहिला हात या तासाकडे जातो, एवढे दोन्हींतून दिसते. आणि संकटाच्या वेळीच प्रश्नाची गरज अधिक असते, हे १९५९ ने आपल्याला शिकवले आहे.

श्रोत्यांपैकी बहुतेकांना संसदेत जावयाचे नाही. परंतु तेथली छापील उत्तरे आज कोणालाही घरबसल्या पाहावयास मिळतात. आपल्या खासदाराने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तर मिळाले, आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे मतदाराने पाहिले नाही, तर मंत्र्याने ते का पाहावे? गोखल्यांना उपप्रश्न विचारता येत नव्हता. तो आपल्याला येतो. विचारण्याचा आळस तेवढा आपण करू नये, एवढीच आमची विनंती आहे.