मोडीची बॅटरी

तांब्याची घागर चेपली किंवा तिला भोक पडले, तर आपल्या आज्या ती उकिरड्यावर टाकीत नसत. ती माळ्यावर पडून राही आणि सणासुदीच्या आधी कासाराच्या तराजूत जाई. कासार वजन करी, मोडीचा भाव सांगे, थोडी घासाघीस होई, आणि वरचे पैसे देऊन नवे भांडे घरात येई. ‘मोडीत काढणे’ म्हणजे निकामी ठरवणे, असा अर्थ आज आपण घेतो. पण मोडीला भाव होता, हे विसरू नका. आज जिला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती मुळात एवढीच गोष्ट आहे.

आता बॅटरीकडे वळू. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे व आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. ट्रॅक्टरमध्ये, मोटारीत आपण जी जड बॅटरी पाहतो, ती तिचीच वंशज. हिची मोड करणे सोपे. आत मुख्य धातू एकच, शिसे. आणि ते ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे चुलीच्या जाळावरही वितळेल. म्हणून जुनी बॅटरी कोणी फेकत नाही. तिला गिऱ्हाईक असतेच.

पण ही सोपी गोष्ट कोणाच्या अंगणात होते, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे काढीत. त्याची धूळ मातीत मिसळली, आणि पुढे माणसे ती मातीसुद्धा चाळून शिसे वेचू लागली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तेथे १८ मुले दगावली. शिशाचा फेरा पूर्ण झाला होता, पैसाही मिळाला होता. आणि वस्तीची माती विषारी झाली होती.

लिथियम-आयन बॅटरी ही या मानाने कालची पोर. गंमत अशी की तिची सुरुवात एका तेलाच्या कंपनीत झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जो तो पर्याय शोधत होता, तेव्हा स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनच्या प्रयोगशाळेत लिथियमवर काम केले. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टचे संयुग वापरून तिची ताकद वाढवली. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती वापरण्याजोगी सुरक्षित केली, आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते!

हिची मोड मात्र अवघड. आत लिथियम, कोबाल्ट, निकेल, मँगनीज, तांबे, ॲल्युमिनियम असा बारा गावचा मेळा. शिवाय आतला द्रव पेट घेणारा. म्हणून शहाणा माणूस आधी विचारतो: हिला फोडायचेच कशाला? मोटारीची बॅटरी मूळ क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांवर उतरली की मोटारीला पुरेनाशी होते. पण दिवा लावायला ती पुष्कळ झाली. बैल औताला थकला तरी हलक्या कामाला चालतो, तसेच हे.

याचे उत्तम उदाहरण जपानातील नामिए या गावचे. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि नामिए रिकामे करावे लागले. सहा वर्षे गाव ओस होते. ३१ मार्च २०१७ रोजी काही भागात परतण्याची मुभा मिळाली. पण आले थोडेच. अशा गावात मार्च २०१८ मध्ये निसान व सुमितोमो यांच्या ‘फोर-आर एनर्जी’ कंपनीने जुन्या बॅटऱ्या तपासण्याचा कारखाना काढला. ‘लीफ’ मोटारीच्या बॅटरीत ४८ भाग असतात. ते सारे तपासायला पूर्वी १६ दिवस लागत. येथे ते काम चार तासांवर आले. मग प्रतवारी करायची. उत्तम भाग पुन्हा मोटारीत, मध्यम भाग कारखान्यातील यंत्रांना व मोठ्या साठवणुकीला, उरलेले वीज गेल्यावरच्या सोयीसाठी. याच गावात अशा जुन्या बॅटऱ्या व सौर तावदाने जोडून रस्त्यावरचे दिवे उभारले, बाहेरच्या तारेवाचून जळणारे. विजेनेच उठवलेल्या गावात हे दिवे लागले, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे वाटते.

शेवटी मात्र प्रत्येक बॅटरी फोडावीच लागते. एक रीत भट्टीची. तिच्यात कोबाल्ट, निकेल, तांबे हाती लागते. लिथियम बहुधा मळीत जाते. दुसरी रीत अशी, की वीज पुरती उतरवून बॅटरीचा चुरा करायचा, त्यातून निघणारी काळी भुकटी आम्लात विरघळवायची आणि एकेक धातू वेगळा काढायचा. हिच्यात लिथियमही परत मिळते, पण आम्लाचे सांडपाणी सांभाळावे लागते.

आणि येथे एक पेच आहे. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो आणि तो महाग. १९९७ मध्ये गुडइनफ यांनी पाधी व नंजुंडस्वामी या भारतीय सहकाऱ्यांसह लोह-फॉस्फेटची बॅटरी मांडली. कोबाल्ट नको, निकेल नको. बॅटरी स्वस्त आणि जास्त सुरक्षित. पण घागर तांब्याची असली तर कासार दारी येतो, मातीच्या मडक्यासाठी कोण येणार? बॅटरी स्वस्त झाली, तसा तिच्या मोडीचा भावही उतरला.

जेथे भाव नाही तेथे कायदा लागतो. आपल्याकडे २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या घेतल्या आणि जी कंपनी त्या बाजारात आणते तिनेच परत गोळा करण्याची सोय करावी, असे ठरवले. नियम चांगला आहे; पण गावातल्या भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत तो पोचला तर. तोवर शिक्षकांनी मुलांना एवढे तरी सांगावे: फुगलेली मोबाईलची बॅटरी टोचू नका, ठेचू नका, शेकोटीत टाकू नका. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा, गवत-कडब्यापासून दूर कोरड्या जागी ठेवा, आणि तालुक्याला जाल तेव्हा विकणाऱ्या दुकानदाराकडेच ती परत मागायला लावा.