जालन्याची रेल्वे आणि भांडवलाचा प्रश्न : हमी पद्धतीपासून केंद्र-राज्य भागीदारीपर्यंत

प्रस्तावना

रेल्वेमार्गाचा इतिहास सामान्यतः अभियांत्रिकीचा किंवा व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मार्ग कोणी आखला, पूल कसे बांधले, कोणता माल कोठे गेला, हे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. परंतु रूळ टाकण्यासाठी लागणारा पैसा कोणी दिला, तोटा झाल्यास तो कोणी सोसावयाचा होता आणि नफ्यावर हक्क कोणाचा होता, हे प्रश्न तितकेच मूलभूत आहेत. जालना जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांना आज नव्याने महत्त्व प्राप्त झाले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने १७४ किलोमीटर लांबीच्या जालना–जळगाव या नव्या मार्गास मंजुरी दिली. सुमारे ७,१०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पात निम्मा वाटा उचलण्याची तयारी महाराष्ट्र शासनाने केंद्राच्या मंजुरीपूर्वीच दर्शविली होती. प्रस्तुत लेखात जालन्याच्या रेल्वेला भांडवल पुरविण्याच्या तीन ऐतिहासिक पद्धतींचा आढावा घेऊन या भागीदारीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हमी पद्धती आणि निजामाची तिजोरी

एकोणिसाव्या शतकात भारतातील आरंभीचे लोहमार्ग हमी पद्धतीने उभे राहिले. लंडनमध्ये नोंदणी झालेल्या खासगी कंपनीने भांडवल उभारावयाचे आणि त्यावरील ठरावीक व्याजाची हमी शासनाने द्यावयाची, असे या पद्धतीचे सूत्र होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीबरोबर १८४९ मध्ये झालेला करार याच प्रकारचा होता.

हैदराबाद संस्थानात मात्र सुरुवात वेगळी झाली. वाडी ते सिकंदराबाद हा १८७४ मध्ये सुरू झालेला मार्ग संस्थानाच्या पैशातून उभा राहिला. पुढे विस्तारासाठी मोठ्या रकमेची गरज भासू लागली. सर सालारजंग यांचे फेब्रुवारी १८८३ मध्ये निधन झाल्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या करारातून निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीच्या कारभाराचा पाया घातला गेला. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे ५ टक्के परतावा मिळेल याची जबाबदारी संस्थानाच्या तिजोरीने स्वीकारली.

या व्यवहाराला विरोध झाला, ही बाब मराठवाड्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १८८३ मध्ये चांदा रेल्वे योजनेच्या आर्थिक अटींवर जाहीर चर्चा व्हावी, अशी मागणी हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी केली. त्यांत सरोजिनी नायडू यांचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे प्रमुख होते. या हालचालींमुळे चट्टोपाध्याय यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. सार्वजनिक पैशातून रेल्वे उभी करावयाची असेल तर त्याच्या अटी जनतेसमोर याव्यात, ही भूमिका त्या काळात राजद्रोहासारखी वाटली. हैदराबादच्या आधुनिक राजकीय जागृतीचा आरंभ रेल्वेच्या हिशेबावरून झाला, असे म्हणण्यास येथे निश्चितच आधार आहे.

जालना याच कंपनीच्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली मार्गावर आले. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादपर्यंत जाणारा सुमारे ३९० मैलांचा हा मार्ग १९०१ पर्यंत पूर्ण झाला. जालना ही लष्करी छावणी होती आणि कापसाची मोठी पेठही होती. त्यामुळे मार्गाची उपयुक्तता वादातीत होती. तथापि बांधकामाचा खर्च कमी ठेवण्यासाठी मीटरगेज स्वीकारण्यात आले. परिणामी मुंबईकडे जाणारा प्रत्येक डाग मनमाडला उतरवून ब्रॉडगेज डब्यांत पुन्हा भरावा लागे. भांडवलात केलेली ही काटकसर पुढील नऊ दशके व्यापारी व शेतकरी यांच्या खिशातून वसूल होत राहिली. खर्च ठरविणारे एक आणि त्याची किंमत मोजणारे दुसरे, अशी ही विभागणी होती.

तत्कालीन अन्य प्रयोग

हमी पद्धती हाच त्या काळातील एकमेव मार्ग नव्हता. मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्हा बोर्डाने जमीनधाऱ्यावर उपकर बसवून रेल्वेसाठी निधी जमविला आणि १८९४ मध्ये स्वतःचा मार्ग सुरू केला. येथे पैसा स्थानिक होता आणि मालकीही स्थानिक होती. महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी ही अरुंद मापाची वाहतूक सुरू केली. ती खासगी कंपनीची होती आणि १९५४ मध्ये शासनाने ती विकत घेतली. जालन्याच्या परिसराला यांपैकी कोणताही पर्याय उपलब्ध झाला नाही. संस्थानात निर्वाचित स्थानिक संस्थांचा विकास न झाल्याने जिल्हा पातळीवर निधी उभारणारी आणि त्याचा जाब विचारणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती.

केंद्रीय मक्तेदारीचा कालखंड

संस्थानाने १९३० मध्ये कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. विलीनीकरणानंतर ती भारतीय रेल्वेचा भाग बनली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली व हा मार्ग सिकंदराबाद मुख्यालयाच्या अखत्यारीत गेला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत रेल्वेचा अंतर्भाव असल्याने खर्चाचा भार राज्यावर राहिला नाही. त्याचबरोबर निर्णयाचा अधिकारही राज्याकडे राहिला नाही.

नव्या मार्गासाठी रेल्वेने दीर्घकाळ १४ टक्के परताव्याचा निकष वापरला. जेथे उद्योग आणि वाहतूक आधीच आहे, तेथेच हा निकष सहज पूर्ण होतो. मागास भागात रेल्वे नाही म्हणून वाहतूक नाही आणि वाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही, असे दुष्टचक्र त्यातून निर्माण झाले. मराठवाड्यात रुंदीकरणाची मागणी लोकचळवळीचा विषय बनली, ती या पार्श्वभूमीवर. मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर अखेर १९९० च्या दशकात झाले. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्यात तोवर बियाणे उद्योगाने आणि पोलाद कारखान्यांनी मूळ धरले होते. उद्योग आधी आला आणि सक्षम रेल्वे नंतर आली, हा क्रम नोंद घेण्याजोगा आहे.

भागीदारीची दोन रूपे

१९९० नंतर केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त वित्तपुरवठ्याची दोन रूपे महाराष्ट्रात दिसतात. पहिले रूप भागभांडवलाचे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, तर महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा ठेवण्यात आला. उर्वरित निधी मुख्यतः रोख्यांद्वारे उभारण्यात आला आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. मुंबईच्या उपनगरी सेवेसाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यातही रेल्वे व राज्य यांचे भाग ५१ आणि ४९ टक्के असे आहेत. या दोन्ही ठिकाणी राज्याला संचालक मंडळात स्थान आहे.

दुसरे रूप केवळ खर्चाच्या वाट्याचे आहे. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी राज्याने निम्मा, तर वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गासाठी ४० टक्के भार स्वीकारला. येथे राज्य पैसा देते, परंतु मार्गाची मालकी, संचालन आणि उत्पन्न रेल्वेकडे राहते. बीडच्या मार्गाचा अनुभव बोलका आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३५३ कोटी रुपयांचा मानला गेलेला हा प्रकल्प पुढे ४,८०० कोटींच्या पलीकडे गेला. बीडपर्यंत प्रवासी गाडी पोहोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. विलंबामुळे वाढलेल्या खर्चाचा निम्मा भागही राज्याच्याच तिजोरीवर पडतो, हे या पद्धतीतील मर्म आहे.

जालन्यासमोरील प्रश्न

जालना–जळगाव मार्ग याच दुसऱ्या रूपात मोडतो. त्याचे महत्त्व नाकारता येणार नाही. तो मराठवाड्याला खानदेशाशी आणि उत्तर भारताकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाशी थेट जोडेल. अजिंठ्याचा परिसर रेल्वेच्या नकाशावर येईल. छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणास जुलै २०२५ मध्ये मिळालेल्या मंजुरीमुळे जालना स्थानकावरील एकेरी मार्गाचा ताणही कालांतराने कमी होईल. नोकरी व शिक्षणासाठी जालना ते छत्रपती संभाजीनगर असा रोज प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने दूरच्या वेगवान गाडीइतकीच ही बाब महत्त्वाची आहे. एकेरी मार्गावर जलद गाडीला वाट देण्यासाठी सवारी गाडीच थांबविली जाते.

तरीही १८८३ मध्ये विचारला गेलेला प्रश्न आजही शिल्लक आहे. स्थानिक तिजोरी खर्च उचलते तेव्हा तिला निर्णयात कोणते स्थान मिळते? हमी पद्धतीत संस्थानाने जोखीम घेतली आणि नफ्याचा हक्क कंपनीने घेतला. केंद्रीय मक्तेदारीत जोखीम नव्हती, पण प्रतीक्षा होती. खर्चाच्या भागीदारीत प्रतीक्षा कमी होण्याची शक्यता आहे, परंतु जोखीम पुन्हा राज्याकडे आली आहे. शिवाय रेल्वेसारख्या केंद्रीय विषयावर राज्याने खर्च केलेला प्रत्येक रुपया सिंचन, रस्ते किंवा आरोग्य यांच्या वाट्यातून येतो. ज्या प्रदेशाचा विकासाचा अनुशेष मोठा, त्याच प्रदेशाला रेल्वेसाठी जादा किंमत मोजावी लागणे हे समन्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

निष्कर्ष

जालन्याच्या रेल्वेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भांडवलाच्या अटी मार्गाचे स्वरूप ठरवितात. मीटरगेजचा निर्णय त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरी, निधी देणाऱ्याला निर्णयात स्थान नसेल तर विलंबाची किंमत त्यालाच मोजावी लागते. तिसरी, आर्थिक अटींची जाहीर चर्चा ही लोकशाहीची प्राथमिक गरज आहे. म्हणून जालना–जळगाव मार्गाच्या बाबतीत कालमर्यादा, वाढीव खर्चाची विभागणी आणि स्थानकांभोवतालच्या जमिनींच्या मूल्यवाढीतून स्थानिक संस्थांना मिळावयाचा हिस्सा या बाबी लेखी व सार्वजनिक असणे आवश्यक आहे. अशी चर्चा मागणाऱ्यास एकेकाळी हैदराबाद सोडावे लागले होते. आज ती चर्चा करण्याची मुभा आहे. त्या मुभेचा उपयोग जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी, व्यापारी आणि शिक्षणसंस्था किती करतात, यावर या भागीदारीचे खरे मूल्य अवलंबून राहील.