‘जातिवंत’ या शब्दाची किंमत

मराठीत ‘जातिवंत’ हे विशेषण बहुधा गौरवानेच येते: जातिवंत कलावंत, जातिवंत घोडा, जातिवंत कुत्रा. जे जातीचे ते चांगलेच, असे त्यात गृहीत असते. नवी मुंबईत, नेरूळ-खारघरच्या गृहसंकुलांतून संध्याकाळी फिरायला निघणारे पग, हस्की, लॅब्राडॉर पाहताना या गृहीताचा इतिहास तपासावासा वाटतो. पिल्लू घेऊ पाहणारी कुटुंबे प्रथम विचारतात, ‘कागद आहेत का?’ श्वासाचा आणि सांध्यांचा प्रश्न पुढे पशुवैद्याच्या दारात निघतो.

शुद्ध वंशाची ही कल्पना फार जुनी नाही. शिकार, राखण, मेंढ्या वळणे यांसाठी माणूस हजारो वर्षे कुत्र्यांची निवड करीत आला. पण ती प्रामुख्याने कामावरून. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, आणि निवडीचा निकष कामाकडून रूपाकडे सरकला. कुत्र्यांना बैलावर सोडण्याचा खेळ तिथे १८३५ मध्येच कायद्याने बंद झाला होता. काम गेलेला बुलडॉग पुढे प्रदर्शनाचा प्राणी झाला, आणि रुंद डोक्याच्या हौसेपायी आज त्याची बहुतेक पिल्ले शस्त्रक्रियेनेच जन्माला येतात. चित्रकार विल्यम हॉगार्थ याने १७४५ च्या आत्मचित्रात आपला पगही रंगवला आहे. त्या पगचे नाक आजच्या पगहून स्पष्टपणे लांब आहे. मधल्या काळात माणसाने पसंत केले म्हणून ते आखूड होत गेले.

रूप टिकवण्याचा उपाय होता बंद नोंदवही: नोंदलेल्या आईबापांचीच पिल्ले नोंदायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात, मूळच्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला की जात निर्माण होते, असे प्रतिपादन केले आहे. माणसांच्या जातीत सगोत्रविवाहाचा निषेध तरी उरला. श्वानांच्या नोंदवहीने जात राखली आणि गोत्र सोडून दिले. बाप-लेक किंवा भाऊ-बहीण यांच्या संयोगातून झालेली पिल्ले नोंदण्याचे ब्रिटनच्या केनेल क्लबने थांबवले ते २००९ मध्ये. आदल्याच वर्षी बीबीसीच्या एका माहितीपटाने या पैदाशीतील व्याधी चव्हाट्यावर मांडल्या होत्या. नात्यातल्या संयोगात एकच सदोष जनुक आई आणि बाप अशा दोघांकडूनही येण्याची शक्यता वाढते, आणि लपलेला दोष उघडा पडतो.

डाल्मेशियनची कथा या दृष्टीने बोलकी आहे. या जातीच्या शुद्धवंशीय कुत्र्यांत एक दोष सार्वत्रिक झाला होता. त्यामुळे लघवीत यूरिक आम्ल साचून खडे होत. १९७३ साली रॉबर्ट शायबल या अमेरिकन संशोधकाने एका डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला आणि पुढल्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. ठिपके राहिले, निरोगी जनुकही आले. तरीही अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमची मान्यता दिली ती २०११ मध्ये. एका परक्या पूर्वजापायी निरोगी संतती इतकी वर्षे वेशीबाहेर राहिली.

आपल्याकडे २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग घराघरांत पोहोचला आणि त्याची मागणी वाढली. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच येतो. धापा टाकून, जीभ आणि नाकातला ओलावा उडवून तो अंग थंड ठेवतो. खाडीकाठच्या दमट हवेत हा ओलावा सहज उडत नाही. आखूड नाकाच्या पगला आणि दाट केसांच्या हस्कीला इथला मे महिना म्हणूनच जड जातो.

यावर ‘देशी जात घ्या’ असे उत्तर सुचवले जाते. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीरावांनी शिकारी कुत्र्यांची पैदास जोपासली. २००५ मध्ये मुधोळ कुत्रा टपाल तिकिटावरही झळकला. हा वारसा अभिमानास्पद आहे. पण धावण्यासाठी घडलेल्या त्या प्राण्याला दोन खोल्यांची सदनिका मानवणार नाही, आणि त्याचीही नोंदवही बंद करून केवळ रूप पाहिले गेले तर इंग्लंडातलाच इतिहास इथे पुन्हा घडेल. दोष देशी-विदेशीपणात नसून निकषात आहे.

म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी प्रश्न बदलावेत, असे आम्ही सुचवतो. आईबाप पाहता येतील का? त्यांचे परस्परांशी नाते काय? त्यांच्या खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का? चालल्यावर त्यांचा श्वास घरघरतो का? आजोबा-पणजोबा किती वर्षे जगले? विक्रेत्याला उत्तरे देता येत नसतील, तर कागदावर फक्त पूर्वजांची नावे आहेत असे समजावे. रस्त्यावरचे, वंशावळ नसलेले पिल्लू दत्तक घेतानाही पशुवैद्याकडून तपासणी हवीच. पण तिथे निदान कागदाचा भ्रम आड येत नाही.

शब्दांना इतिहास असतो आणि त्या इतिहासाची किंमत कुणीतरी मोजत असते. इथे ती मोजणाऱ्याला बोलता येत नाही, एवढेच.